मास्तरांच्या घरची नावं

मुडबी, श्रावण शुद्ध ४, शके १८६६

ज्वारी पुन्हा चढली! सरकारनं ह्यांना महागाई भत्ता दिला, तर बाजार त्याच्याही पुढे पळाला. आता कंट्रोलच्या दुकानात माणशी धान्य मिळणार. गावची माणसं मोजून कार्डं लिहायचं काम शाळेच्या मास्तरांकडे, म्हणजे आमच्याच ह्यांच्याकडे. मिरवतात नुसते! ओसरीवर कागद मांडून स्वतःच्या आईला विचारलं, "घरात माणसं किती?"

सासूबाई म्हणाल्या, "सा."

आम्ही पाच – सासूबाई, हे, मी, पोरं दोन. सहावे रेवणसिद्धय्या, रोज दुपारी आमच्याकडे जेवणारे जंगम. त्यांचं ताट वाढल्याशिवाय सासूबाईंनी कधी घास घेतलेला नाही.

"अय्या मठात ऱ्हातेत, आई. चूल न्हाई त्याला कार्ड न्हाई. खोटं लिहिलं तर नोकरी जाईल माझी."

"आपल्यात जेवतेत की न्हाई? मग खोटं कामून?"

ह्यांनी पाचच लिहिलं.

शुद्ध १२

परवा धान्य आलं. जेमतेम पाच पोटांचं. सासूबाई आपलंच ताट अय्यांपुढे ठेवतात आणि म्हणतात, "मला भूक न्हाई." आज तिसरा दिवस! सगळ्यांत वाटून घेऊ म्हटलं, तर पोरांच्या तोंडचं काढायचं नाही म्हणे. हट्टी बाई. चक्कर येऊन जात्यापाशी बसली तेव्हा मला रडूच आलं.

शुद्ध १३

ह्यांच्याशी भांडले. कार्डं सगळी सरकारी उर्दूत, त्यात एक नाव जास्त, कोण बघतंय! मला तर ते कार्ड उलटं की सुलटं तेही कळत नाही.

पौर्णिमा

"लिहिलं अय्यांचं नाव," म्हणाले. सासूबाई जेवल्या, आमटी दोनदा घेतली! ह्या माणसावर चिडू की ह्याची दृष्ट काढू? आईसाठी नोकरी पणाला लावली.

वद्य ६

लेव्हीच्या, म्हणजे सरकारी धान्यवसुलीच्या कामाला हे गावोगाव हिंडतात. सकाळी अर्धी भाकरी तेवढी घरची. संध्याकाळी वाढायला घेतलं की "जेवून आलोय." मास्तरांचा थाट! दुसऱ्यांच्या सुनांच्या हातचं गोड लागतंय वाटतं.

वद्य ८

तालुक्याचे साहेब आले – कार्ड घेऊन घरोघर माणसं मोजत. आता नोकरी जाते! अय्या पंगतीतच होते, त्यांना उठू दिलं नाही. साहेबांनी बोट फिरवलं. सासूबाई, मी, पोरं, अय्या. "पाँच. ठीक है." गेले! हे त्यांच्या मागे वही घेऊन उभे, त्यांना कोण मोजतंय! पण कार्डावर तर सहा ना? नीट बघितलंच नसेल. बसवण्णा पावला.

वद्य ११

ह्यांना ताप. उठवेना, म्हणून पहिल्यांदाच दुकानात मी गेले. दुकानदार बंडेप्पानं कार्ड वाचलं – सासूबाईंचं चंद्रम्मा, माझं निलम्मा, पोरांची दोन, रेवणसिद्धय्या.

"आणि मास्तर?"

"मास्तरचं नाव न्हाई की, अक्का. त्येनीच खोडलंय."

घरी येऊन विचारलं, "रोज कुणाच्या घरी जेवायलाव?" भिंतीकडे तोंड फिरवलं.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.