साहेबांचं ‘ऑल राइट’

३ मार्च १९४४, नांदेड.
आमच्या जिनिंग कारखान्याचा हेडक्लार्क नोकरी सोडून गावी गेला. खुर्ची मोकळी. हक्क माझाच. दुसरा उमेदवार शेषेराव. कापूस तोलता तोलता वर चढलेला माणूस! अर्ज उर्दूत लिहितो आणि वर हसतो. असल्याशी स्पर्धा, हाच अपमान.

५ मार्च, सकाळी ११.
साहेबांपुढे माझा इंग्रजी अर्ज तोंडपाठ म्हटला. तिसऱ्या परिच्छेदाला साहेब म्हणाले, “ऑल राइट, ऑल राइट!” दोनदा. हातही हलवला. म्हणजे मंजूर. बाहेर पट्टेवाला दगडोबा विचारतो, “लवकर हाकललं का मालक?” अडाणी.

६ मार्च.
दगडोबा मला इंग्रजी शिकवून राहिलाय. म्हणे चहा आवडला तरी साहेब ऑल राइट म्हणतो, मजूर यंत्राच्या पट्ट्यात सापडता सापडता वाचला तरी तेच विचारतो. पण दोनदा म्हटलं की आपण दार बघायचं. “सोळा वर्षं दाराशी उभा हाय मी.” दाराशी राहून इंग्रजी येत असतं तर आधी दाराला आलं असतं.

८ मार्च.
बायकोला, प्रमोदिनीला, लातूरला माहेरी पत्र टाकलं. हेडक्लार्क झालो, क्वार्टर मिळालं, तान्हीला घेऊन ये. घराची सोय होईपर्यंत मुलगी पाठवणार नाही म्हणत होते सासरे. ती माहेरी जाऊन आठ महिने झाले. बघा म्हणावं आता.

१४ मार्च.
हेडक्लार्कच्या क्वार्टरची किल्ली देत नाहीत. लेखी हुकूम नाही म्हणे. कुलूप तोडलं. सामान लावलं. शेषेराव आले. “रेणुकादासजी, साहेबांना एकदा इचारून तर घ्या.” मत्सर! दार लावून घेतलं.

१८ मार्च, दुपार.
प्रमोदिनी आली. तान्ही कडेवर. पोचवायला सासरेही. तेवढ्यात साहेब स्वतः क्वार्टरवर. तुटकं कुलूप हातात घेतलं. मी पुढे होऊन विचारलं, “ऑल राइट, सर?”
‘गेट आउट’ला मात्र एकच अर्थ आहे.

१९ मार्च.
शेषेराव हेडक्लार्क. लेखी हुकूम. काल त्यांनी साहेबांपुढे हात जोडले, म्हणून माझी नोकरी राहिली. क्वार्टरमधली एक खोलीही आम्हाला देतायत. “लेकरू उन्हात कुठं फिरवता?” उपकार लादायची या लोकांना खोडच असते. प्रमोदिनी त्यांच्या पाया पडली. उठून माझ्याकडे बघत राहिली. सासरेही बघत होते.
वाकलो.