तू डॉक्टर आहेस, तू सांग

१४ सप्टेंबर, नोव्हाय (डेट्रॉइट)

सोफल म्हणाली, "तूच चल." बोफा नको, सिद्धेश नको. मी!

विहीण पोटच्या मुलीला सोडून मला कंबोडियाला नेतेय. का, असं विचारलं तर म्हणे, "बोफा रडेल, मग मलाच तिला समजवावं लागेल. तू डॉक्टर आहेस. तू रडत नाहीस." ही स्तुती आहे का टोमणा, कोण जाणे. पण मी फुगले. दुपारपर्यंत मंडळातल्या सगळ्या बायकांना फोन करून सांगून झालं.

तिथून निघाल्यापासून ती परत गेलेलीच नाही. ती तेरा वर्षांची असताना तिथल्या राजवटीने शहरं, गावं रिकामी करून सगळ्यांना शेतांवर हाकललं होतं. आई, वडील, मोठी बहीण तिच्या डोळ्यांदेखत गेले. धाकटा भाऊ वुथी, सात वर्षांचा, एके दिवशी खेकडे शोधायला गेला तो आलाच नाही. आमच्या मुलांच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, मेंदी सुकता सुकता, हे तिने मला सांगितलं होतं. एकदाच. मीही पुन्हा विषय काढला नाही.

१६ सप्टेंबर

ह्यांना सांगून टाकलं – तीन आठवडे मी नाही. काही बोलले नाहीत. नेहमीचंच.

सिद्धेशचा फोन. "आई, गॅरेजचा कोड मला पाठव, मी येऊन घर चेक करत जाईन." मी म्हटलं, कशाला, हे आहेत की. तो हळूच म्हणाला, "ओके, आई."

१९ सप्टेंबर, सोल विमानतळ

माझ्या दोन बॅगा – ठेपले, चिवडा, औषधं. तिची एक पिशवी, त्यात काळ्या तिळांचा डबा. डेट्रॉइटला सिक्युरिटीवाल्याने तो उघडायला लावला. "हे काय?" ती म्हणाली, "माझ्या आईचं जेवण." इतक्या शांतपणे, की त्याने मुकाट्याने झाकण लावलं.

मग विमानात तिने मला सगळं सांगितलं. भाद्रपदाच्या काळोख्या पंधरवड्यात त्यांचे पूर्वज भुकेले फिरतात. चिकट भात आणि तीळ यांचे गोळे करायचे, पहाटे देवळाच्या आवारात अनवाणी फिरत एकेकाचं नाव घेऊन टाकायचे. मी उडालेच. अगं, हा तर आमचा पितृपक्ष! फोनवर तारखा काढून दाखवल्या – तेच दिवस. तिला काही नवल वाटलं नाही. "भूक काय फक्त आमच्याच माणसांना लागते?" म्हणाली.

बारा देशांच्या गप्पा मारणारी आमची मंडळी आहेत, पण ही बाई काही वेगळीच. आमच्याच राज्यातल्या हॉलंड गावात गाडीच्या सीट शिवायच्या कारखान्यात आयुष्य घातलं, एकटीने घर घेतलं, बोफाला फार्मसिस्ट केलं. अजून रस्त्यात जुनी गाडी दिसली की म्हणते, "ती सीट माझी." असली विहीण मिळायला नशीब लागतं.

२२ सप्टेंबर, नॉम पेन्ह

एका शाळेचा तेव्हा तुरुंग केला होता. आता म्युझियम आहे. सोफल आत आली नाही, फाटकाबाहेर शहाळं पीत बसली. मी गेले. भिंतभर माणसांचे फोटो, नंबर लावलेले. पोरंसुद्धा. बाहेर येऊन तिच्या शेजारी बसले.

तिने तिचं शहाळं माझ्या हातात दिलं आणि हळूच विचारलं, "वुथी नव्हता ना?"

म्हणजे हिला अजून आशा – ! मी मान हलवली – नव्हता.

२६ सप्टेंबर, बट्टमबांग

तिचं गाव इथून जवळ. गावात ओळखीचं कुणी नाही, घराच्या जागी मोबाइलचं दुकान. ती दुकानात शिरली, सिमकार्ड घेतलं, बाहेर आली. "स्वयंपाकघरात उभी राहून आले," म्हणाली.

बाजारात ह्यांच्यासाठी मिरी घेतली. इथली मिरी फार नावाजलेली. ह्यांना कढणात भरपूर लागते. सोफल माझ्याकडेच बघत होती.

२८ सप्टेंबर

पहाटे देवळात गेलो. चपला काढून, चिखलात. तिने आईचं नाव घेतलं, गोळा टाकला. वडिलांचं. बहिणीचं. चौथा गोळा हातातच राहिला. तो तसाच खोलीवर आणला, त्याला मुंग्या लागल्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, बाई गं, किती दिवस असं धरून ठेवणार? मोकळी हो. आमच्यात सर्वपित्री अमावास्या असते – ज्यांची तिथी माहीत नाही, त्यांचं त्या दिवशी करायचं. येत्या बुधवारीच आहे. किती सोपं!

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुम्हाला तारीख माहीत नसते, डॉक्टर. मला तो गेला हेच माहीत नाही. मी भात टाकला तर मीच त्याला मारल्यासारखं होईल."

उगाच शहाणपणा शिकवला.

२ ऑक्टोबर

आज अमावास्या. त्यांचीही, आपलीही.

तिघांचं झालं. चौथा गोळा घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. भोवती अंधार, उदबत्त्या, भिक्खूंचं पठण.

"हॉस्पिटलमध्ये कुणी गेलं तर कोण सांगतं?"

"डॉक्टर."

"घरचे नाही सांगत?"

"नाही. त्यांना जमत नाही."

"मग तू सांग. तू डॉक्टर आहेस. तू सांगितलंस तर मी मानीन."

आयसीयूत आयुष्य गेलं माझं. कितीदा बोलले असेन ते वाक्य, कोरड्या डोळ्यांनी, घड्याळाकडे बघून. इथे ना पेशंट, ना मॉनिटर. मी तिचं मनगट धरलं. सवयीने बोट नाडीवर गेलं, जोरात उडत होती. इंग्रजीत काही सुचेना. मराठीतच म्हटलं, "सोफल, वुथी गेला."

तिला कळलं. मान हलवली. आणि मग तिने त्याचं नाव घेतलं – केवढ्याने! पुढची माणसं वळून बघायला लागली. गोळा लांब टाकला, पार भिंतीपलीकडे, आणि ताठ उभी राहिली. एवढीशी बाई. सगळ्या जगाला ओरडून सांगावंसं वाटलं, ही माझी विहीण आहे.

मग मी रडले. चांगली हुंदके देऊन. तिनेच मला समजावलं. म्हणाली, "बोफाला आणलं असतं तरी चाललं असतं."

७ ऑक्टोबर, नोव्हाय

पोचलो. गारठा वाढलाय. सगळं ठीक.

९ ऑक्टोबर

सकाळी सोफल आली, डब्यात भात आणि तीळ घेऊन. ओट्यावर मिरीची पुडी न फोडलेली. ह्यांच्या फोटोपुढे चहाचा कप, रोज ठेवते तसा. तिने दोन्ही पाहिलं. बॅकयार्डचं दार उघडलं. भाताचा गोळा माझ्या हातात दिला आणि माझं मनगट धरलं.

"चार वर्षं झाली, शुभा," म्हणाली. डॉक्टर नाही, शुभा. "तुला जमत नाही, म्हणून मी सांगते. गुरुनाथ गेला."

मी चपला काढल्या आणि बाहेर गेले.