शांत गटातले उंदीर

बेलग्रेड, ५ नोव्हेंबर १९८५

पुन्हा तेच! शांत गटाचे आकडे आजही खाली. या उंदरांना विजेचा झटका नाही, काही नाही — नुसतं खायचं आणि झोपायचं. तरी रक्तातल्या लढाऊ पेशी झटके खाल्लेल्यांइतक्याच मरगळलेल्या. मग तुलना कशाशी करू?

माझ्या बायकोचं, देसाचं म्हणणं साधं होतं. ताण आला की मेंदू स्वतःचीच अफू सोडतो. दुखणं बोथट होतं, पण पेशीही सुस्तावतात. अफू अडवणारं औषध आधी टोचलं, तर ताण येऊनही पेशी शाबूत राहतील. प्रयोग अर्धा झाला आणि ती गेली. उरलेला माझ्याकडे.

प्रोफेसर वुकाशिन म्हणाले, "तिहोमिर, महिनाअखेर बघतो. मग पिंजरे दुसऱ्याला."

७ नोव्हेंबर

सासूबाईंचं एकच टुमणं. "ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत तिचे कपडे वाटून व्हायला हवेत, जावईबापू! निळा स्वेटर कुठे दडवलात? कुणाच्या अंगावर गेला नाही, तर पोर तिकडे गारठेल."

शोधतो म्हणालो. तो प्रयोगशाळेत आहे, माझ्या कपाटात.

१० नोव्हेंबर

ओठावर फोड. सर्दी जात नाही. माझ्याही पेशी झोपल्यात वाटतं!

१२ नोव्हेंबर

प्रयोगशाळेत हीटर बंद. कुडकुडत शेवटी देसाचा स्वेटर चढवला. खांद्यात घट्ट. पिंजऱ्यात हात घातला — एकही उंदीर किंचाळला नाही. एक तर बाहीवर चढून बसला.

गाढव आहे मी! रोज सकाळी ती प्रत्येकाला मांडीवर घ्यायची. तिच्या वासाला सरावलेले हे. तिच्या जागी हा दाढीवाला परका आला. झटका नाही कसा? मीच तो झटका!

२० नोव्हेंबर

आठवडाभर स्वेटर घातला. शांत गट वर आला! औषधाविना झटके खाल्लेले खाली, औषध घेतलेले जवळपास शांत गटाइतके. देसा, बरोबर होतीस बहुतेक.

वुकाशिन म्हणतात, "एका फेरीवर काय विश्वास ठेवायचा? पुन्हा कर." आणि शनिवारी चाळिसावा!

२२ नोव्हेंबर

सासूबाईंना खरं सांगितलं.

"उंदरांना? माझ्या लेकीचा स्वेटर उंदरांना?"

"उंदरांना नाही, मी घालतो."

"म्हणजे दिलाच नाहीत! घरच्या घरी ठेवलेलं पोचतं होय तिला?"

"तिचंच काम अडलंय, आई!"

ओरडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

२३ नोव्हेंबर

थडग्यावर मेणबत्त्या, उकडलेले गहू, राकियाची दारू. घरी आल्यावर स्वेटर आणून त्यांच्या हातात दिला. प्रयोग संपला.

२५ नोव्हेंबर

सकाळी प्रयोगशाळेच्या दारात सासूबाई. काळ्या झग्यावर निळा स्वेटर, कोपरापर्यंत बाह्या सरकवलेल्या.

"मला दिलात ना? मग पोचला तिला. दाखवा आता, कोणाकोणाला मांडीवर घ्यायची माझी पोर."