कोलेस्टेरॉल ब्याण्णव

२१ ऑक्टोबर, धुळे

ह्यांचा डेंग्यू बिघडला. धाप लागली, म्हणून दुपारी अतिदक्षता विभागात हलवलं. आणि सासूबाई? बाहेर बसलेल्या अनोळखी बायांसमोर माझ्याकडे बोट — "हिनी तेल-तूप पाजी पाजी मना हिलालले आडं पाडी दिधं. गयेल साल कोलेस्टेरॉल वाढेल व्हतं." नणंद मंदाबाई शेजारी मान डोलावत होती. डास चावला ह्यांना, गुन्हेगार मी!

वरण-बट्टीवर तुपाची धार धरायची सासूबाईंनी स्वतः. मी वाटी बाजूला सरकवली की म्हणायच्या, माझ्या पोराच्या तोंडचं काढते.

आत जायला एकच पास. मी पर्समध्ये टाकला. बसा म्हणावं खाली.

२२ ऑक्टोबर

दिवसभर फाटकाजवळच्या ओट्यावर बसून होत्या. पास मागितला. मी म्हटलं, डॉक्टर नाही म्हणतात. खोटं. जड नाही गेलं.

ह्यांनी आत विचारलं, "आई आली का?" मी म्हटलं, गावी सोनगीरलाच आहेत, गुडघे दुखतात.

२३ ऑक्टोबर

रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल ब्याण्णव. गेल्या वर्षी अडीचशेच्या वर होतं. खाली गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. मंदाबाईच्या हातातही कागद दिला — "घ्या, बघा, कोणी तेल पाजलं ते."

सासूबाईंनी हात जोडले. लोकांसमोर. "मनं चुकनं, बेटी. आते तरी माले पोर्‍याले देखू दे."

एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते मिळालं. तरी पास दिला नाही. म्हटलं, उद्या बघू. अजून एक दिवस तडफडू दे.

चहा गोड लागला आज.

२४ ऑक्टोबर

सकाळी डॉक्टर मॅडमना मीच म्हटलं, "कोलेस्टेरॉल तर छान उतरलंय ना?"

त्या म्हणाल्या, "छान नाही हो. अशा तापात ते एकदम खाली गेलं, तर आजार जोरात आहे असं समजायचं. ज्यांचं फार उतरतं, त्यांच्यात गंभीर होणारे जास्त दिसतात. लिव्हरलाही सूज आहे. घरच्यांना बोलावून घ्या."

"आणि तेल-तूप?"

"त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही."

खाली सासूबाई फोनवर गावाकडे सांगत होत्या — कोलेस्टेरॉल उतरनं, मना हिलाल आते बरा व्हई. रिपोर्ट घडी घालून कमरेला खोचलेला. मंदाबाईकडून मागून घेतला असणार. मला सांगता आलं नाही.

पास त्यांच्या हातात दिला. दया आली म्हणून नाही. मला वर जावेना.

२५ ऑक्टोबर

काल त्या वर होत्या तेव्हाच हे गेले.

२९ ऑक्टोबर, सोनगीर

घर माणसांनी भरलंय. नर्स म्हणाली होती, शेवटी बराच वेळ आईशी बोलत होते. आज धीर करून विचारलं — काय म्हणाले?

सासूबाईंनी डोळे पुसले. माझ्याकडे नीट पाहिलं.

"ते त्यानी माले सांगं," म्हणाल्या. "तुले नही."