बाकावरून पाहिलेले किल्ले

प्रिय आई,
जयभीम.

तू गेल्यावरचं तुझं पुण्यानुमोदन काल झालं. इंग्लंडहून आलेला दादा विहारात माईक धरून म्हणाला, "आईले मी यॉर्कशायरचे सगळे किल्ले दाखवले." बायांनी डोळ्याले पदर लावला. मले मात्र संताप आला, म्हणून लिहून राह्यली.

सहा महिने त्याच्याकडे राहून तू कुरखेड्याले परत आलीस, तेव्हा बाया रोज यायच्या. "सांगा ना बाई, किल्ला कसा?" दाराशी मोठं झाड, तळ्यात बदकं, बाजूले चहाचं दुकान, असं तू सांगायचीस. अन् आत काय होतं? "आत थंडी," म्हणून चहा मांडायले उठायचीस. किल्ला असो की पडका मठ, तुझी गोष्ट दारापाशीच संपे. मले काऊन नाई समजलं?

शेवटी दवाखान्यात बोललीस. दर रविवारी दादा-वहिनी तिकीट काढून आत जायचे, तू बाहेर बाकावर त्यांच्या लेकराची बाबागाडी धरून. "आई, पायऱ्या खूप आहेत, तुले नाई जमणार." गाडीत बसल्यावर ते तुले मोबाईलवर आतले फोटो दाखवायचे.

पायऱ्या! साठीपर्यंत तू चिखलात वाकून धानाची रोवणी केलीस, मोहफुलांचं टोपलं डोक्यावर घेऊन जंगलातून चालत आलीस. तुले पायऱ्या जमणार नाई?

वरून मलेच बजावलंस, "कोणाले सांगू नको, पोराची इज्जत जाते." अन् तुझी वो आई? एकदा तरी बाबागाडी त्याच्या हातात द्यायची होतीस. म्हणायचं होतंस, आता तू बस.

काल जेवणं उरकल्यावर दादा मले म्हणतो, "तू पण ये ना सहा महिने. सगळं दाखवतो. तुझ्या वहिनीले दिवस गेलेत."

बायाही म्हणाल्या, "जा वो, आईसारखं नशीब काढलंस."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. "आईनं एकही किल्ला आतून पाहिला नाई. बाहेर ह्याचं लेकरू सांभाळत बसली होती."

बाया ताटं उचलायले उठल्या. तुझा शब्द मी मोडला, आई. रागवायचं तर रागव.

दादाकडे मी जाणार नाई. पण येत्या पौर्णिमेले ह्याच बायांसोबत भद्रावतीच्या विजासन लेण्यांत जाणार आहे. तुझा फोटो पार आतल्या बुद्धमूर्तीपर्यंत नेईन. लेकरं आळीपाळीनं सांभाळू. बाहेर कोणालेच बसवून ठेवणार नाई.

तुझी लेक,
शालू