दोन्हीकडून कापलेला ॲक्सल

प्रिय धाकटोबा,

रविवार, १२ जानेवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. तुझ्या वर्कशॉपच्या भिंतीवरच्या घड्याळात पाहून सांगते आहे. चहाचा ट्रे हातात घेऊन मी दारात उभी होते आणि दुसरीकडे कुठे बघावं ते सुचत नव्हतं. त्या वेळी तू आपल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना, गाड्यांच्या क्लबमधल्या तुझ्या रिकामटेकड्या मित्रांसमोर, म्हणालास, "म्हाताऱ्याच्या हातात काम दिलं हीच माझी चूक. हात थरथरतात, डोळे गेलेत, पण हौस काही जात नाही." मग तुझ्या त्या जाडजूड मित्राने बाबांचा वेल्डिंगचा मुखवटा खुंटीवरून काढून तोंडावर चढवला आणि आंधळ्यासारखे हात पसरून गाडीभोवती चाचपडत फिरून दाखवलं. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने तू हसलास. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी मला हातानेच गप्प केलं, म्हणून तू त्या दिवशी वाचलास. पत्रात ते मला गप्प करू शकत नाहीत.

ताईला यातलं काय कळतं, असं तुझं कायमचं मत. ताईने सगळी नोकरी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काढली आणि तुझ्यासारख्या हुशारांनी चुकवलेली मापं खोडरबराने पुसत काढली, हे तू सोयीने विसरतोस. तर ऐक. तुला डोंगरात दगडांवरून उड्या मारायला गाडी हवी. गाडीचा मूळचा पुढचा ॲक्सल त्या दणक्यांना टिकेना म्हणून तू भंगारातून ट्रकचा उचललास. ट्रकचा म्हणजे भक्कम, पण रुंद. तसाच बसवला तर चाकं खेकड्याच्या पायांसारखी बॉडीबाहेर येतात, म्हणून तो कापून अरुंद करायचा. इथपर्यंत ठीक. पण त्यातला गिअरचा गोळा मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. एका बाजूची नळी लांब, दुसरीची आखूड, आणि कापायचं ते लांब बाजूकडून. हे रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाही दिसलं असतं. तू काय केलंस? एकूण किती कमी करायचं ते काढलंस, दोनाने भागलंस आणि दोन्ही नळ्यांवर खडूने सारख्या खुणा केल्यास. वाढदिवसाच्या केकची वाटणी करावी तशी. बाबांनी तेव्हाच विचारलं होतं, "अरे, दोन्हीकडून?" तू म्हणालास, "बाबा, तुम्ही फक्त जोड मारा, डोकं मी चालवतो." चालवलंस. कटरही तूच चालवलास.

जोड मात्र बाबांनी मारला. आधी समोरासमोर टाके घातले, नळी तापून वाकू नये म्हणून थोडं जोडून थांबले, निवू दिलं, पुन्हा थोडं जोडलं. तू फोनवर होतास म्हणून तुला दिसलं नसेल, त्या सगळ्या वेळात हात एकदाही हलला नाही. रविवारी मित्रांसमोर ॲक्सल गाडीखाली सरकवला, तर आखूड बाजूला स्प्रिंगचा पाटा टेकवायला जागाच उरलेली नव्हती. पाटा सरळ गोळ्यावर चढला. ज्या तरबेज मंडळींनी हे पाहिलं, त्यांच्यातल्या एकानेही मोजायला टेप मागितला नाही. सगळे बाबांच्या हातांकडे बघत होते. मी ट्रे ठेवला आणि टेबलाखाली पडलेले नळीचे दोन तुकडे शेजारी शेजारी उभे करून पाहिले. जुळी भावंडं. दोघांच्या अंगावर तुझा खडू.

घरी येताना रिक्षात बाबा मला काय म्हणाले, माहीत आहे? "त्याचं बरोबर असेल गं. हल्ली नवीन पद्धत असेल, माझाच हात सरकला असेल." मी म्हटलं, बाबा, हात सरकून नळी आखूड होत नसते.

तुझ्या लक्षात असेल, तू चौथीत असताना शेजाऱ्याची सायकल न विचारता नेलीस आणि तिचा सांगाडा मोडून आणलास. बाबांनी तो जोडून, घासून, रंगवून असा परत केला, की त्या गृहस्थाला मरेपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून तुझी अशी समजूत झाली, की तू मोडायचं आणि बाबांनी जोड दिसू द्यायचा नाही. माझ्या कॉन्व्हेंट शाळेचं फाटकही त्यांनीच केलेलं. ते इतकं सरळ बसलं होतं, की आमच्या मुख्य सिस्टरनी त्यांना चहाला आत बोलावलं आणि जाताजाता मला प्रवेश दिला. मी इंग्रजी कविता घोकायला लागले, तू त्यांची हत्यारं हरवायला लागलास. दोघांनाही पोसलं एकाच माणसाने, काळ्या काचेमागे डोळे जाळून. त्या डोळ्यांवर तू विनोद केलास. निदान चांगला तरी करायचास.

आता बातमी. मंगळवारी तुझ्या बायकोचा फोन आला होता. ती भोळी आहे, तुझ्याकडे राहूनही तशीच राहिली याचं मला कौतुक वाटतं. म्हणाली, "ताई, दुसरा ॲक्सल आणला, छान बसला हो. या वेळी ह्यांनी फक्त लांब बाजूनेच कापला." तिला कळलं नाही ती काय बोलून गेली. मला कळलं. म्हणजे तुला चूक समजली आहे. नवी खूण कुठे करायची ते समजलं, म्हणजे जुनी कोणाची चुकली तेही समजलं. आणि तरी तू गप्प आहेस, कारण त्या जाडजूड मित्रासमोर तोंड दाखवायचं आहे. तू नुसता मूर्ख असतास तर मी तुला माफ केलं असतं. घरातला आहेस, सवय आहे. पण तू भित्रा आहेस, आणि आपल्या भित्रेपणाचं ओझं तू एका म्हाताऱ्याच्या हातावर ठेवलंस.

बाबांचं सांगते. जेवणानंतर ते टेबलाशी बसतात आणि माझी पेन्सिल घेऊन कागदावर रेघ ओढतात. एक सरळ रेघ, वेल्डिंगच्या वेगाने, हळू. मग मला हाक मारतात, "बघ गं, हलली का?" पेन्सिलची बारीक रेघ त्यांना स्वतःला आता दिसत नाही. मी सांगते, नाही हलली. ते म्हणतात, तू मुलगी आहेस, तू तसंच सांगणार. मग दुसरी रेघ.

हे पत्र मी का लिहिते आहे ते आता सांगते. काल संध्याकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "धाकट्याला माझ्या नावाने चार ओळी लिही." मी कागद घेतला. त्यांनी सांगितलं ते असं: तुझी खूण बरोबर होती, जोडताना माझ्याकडूनच नळी मागेपुढे झाली, तुझी चारचौघांत मान खाली गेली, त्याबद्दल मला माफ कर, आणि पुन्हा कधी काही जोडायचं असलं तर बोलव, मी सावकाश करीन. मी हे सगळं लिहून घेतल्यासारखं केलं. एक अक्षरही लिहिलं नाही. तुझी माफी मागणारं पत्र या घरातून जाणार नाही. त्याऐवजी हे जातं आहे, आणि ते उत्तराची वाट बघत बसले आहेत. त्यांची पत्रं मीच वाचून दाखवते, हे तुला माहीत आहे. तेव्हा शुक्रवार, २४ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत तुझ्या हातचं उत्तर माझ्या दारात हवं. फोन नको, बायकोकडून निरोप नको. खूण माझी चुकली, जोड तुमचा पक्का होता, एवढं लिही. ते आलं नाही, तर पाच वाजून एक मिनिटाने मी कोरा कागद समोर धरून त्यांना तुझं पत्र वाचून दाखवीन. भाषा माझी चांगली आहे. त्या कागदातला मुलगा तुझ्यापेक्षा पुष्कळ बरा निघेल, दर महिन्याला लिहील, आणि बाबांना शेवटपर्यंत तोच पुरेल. मग तू आलास काय आणि न आलास काय, मी दार उघडणार नाही. लेखी उत्तर. शुक्रवार, पाचच्या आत.

तुझीच,
ताई