चुऱ्याची पाकिटं

सोमवार, ३ नोव्हेंबर

नाही म्हणजे नाहीच मिळाला! चॉकलेट बिस्किटांचा तयार चुरा — साधा, काळा, क्रीम नसलेला. केकच्या सामानाचं दुकान, त्याच्या पलीकडचं मोठं दुकान, बसथांब्यासमोरचं दुकान, सगळी पालथी घातली. शेवटच्या दुकानदाराने वर मलाच अक्कल शिकवली — "बाई, बिस्किटं घ्या आणि घरीच कुटा की!" जसं काही मला ते सुचलंच नव्हतं. साध्या चॉकलेट बिस्किटांचा चुरा तपकिरी होतो. कॅफेवालीला चीजकेकचा तळ काळाकुट्ट हवाय. वर पांढरं, खाली काळं, कापल्यावर रेघ मारल्यासारखं दिसलं पाहिजे म्हणे.

पुढच्या शुक्रवारी तिला नमुना द्यायचाय. आवडला तर दर आठवड्याची ऑर्डर कायमची. मग मी त्या दातांच्या दवाखान्यात फोन उचलत बसायची नाही! नवऱ्याशी तसं ठरलंय. "आधी ऑर्डर, मग राजीनामा," — इति नवरा. बोलतो ते बरोबरच, पण ऐकलं की डोकं फिरतं.

नमुना दोघींकडून मागवलाय. एक माझ्याकडून, दुसरा वरच्या मजल्यावरून — जाऊबाईंकडून. ऑर्डर एकीलाच मिळणार.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

क्रीमची बिस्किटं आणली. ती काळी असतात. एकेक उघडायचं, सुरीने क्रीम खरवडायचं, मग बिस्किटं मिक्सरमध्ये. सासूबाई मदतीला बसल्या. मदत म्हणजे काय, तर त्या क्रीम खरवडतात आणि चमच्याने तोंडात टाकतात. "वाया कशाला घालवायचं गं?" साखर वाढलीय म्हणून डॉक्टर ओरडले त्याला अजून महिना झाला नाही! मी म्हटलं तर गाल फुगवून आत जाऊन बसल्या. आता क्रीमही मीच खरवडायचं आणि त्यांची समजूतही मीच काढायची.

एवढं करून चुरा किती? एका तळालाही पुरेना.

बुधवार, ५ नोव्हेंबर

नवऱ्याने मदत केली. देवा!

मी दवाखान्यातून यायच्या आत पठ्ठ्याने उरलेली सगळी बिस्किटं क्रीमसकट मिक्सरला लावून ठेवली होती. भांड्यात चिकट काळा गोळा. "मला वाटलं तुझा वेळ वाचेल." तरी मी त्यात लोणी घालून तळ थापून पाहिला. ओव्हनमध्ये गेल्यावर त्याने जे तेल सोडलं! साच्याच्या फटीतून थेंब थेंब खाली. ओव्हन पुसायचं काम नवऱ्याला दिलं. पुसताना शिट्टी वाजवत होता, म्हणजे त्याला काही कळलेलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आता कळलं पाणी कुठे मुरतंय!

केकच्या सामानाच्या दुकानात पुन्हा गेले होते. आज मालक स्वतः होता. म्हणाला, "चुरा आला होता की. तुमच्याच घरातल्या मोठ्या बाई येऊन घेऊन गेल्या. होता नव्हता तो सगळा. त्याच्या आधीच्या आठवड्यातही त्यांनीच नेला."

मोठ्या बाई! माझ्या सख्ख्या जाऊबाई! मला चुरा मिळू नये म्हणून दुकानं रिकामी करतायत. आणि जिन्यात भेटल्या की काय गोड हसतात!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बसथांब्यासमोरच्या दुकानातही तेच उत्तर. मोठ्या बाई.

शनिवार, ८ नोव्हेंबर

गेले वर. म्हटलं, तोंडावरच विचारू.

तर त्यांचं सगळं घर थंडगार. स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघड्या, पंखा जोरात. ओट्यावर काळ्या चुऱ्याची रिकामी पाकिटं पडलेली. मागच्या महिन्यात ताप येऊन गेला तेव्हापासून जाऊबाईंचा चेहरा उतरलाय, त्यात त्या मला बघून अशा दचकल्या, जसा काही चोर पकडला!

"वहिनी, एक पाकीट द्या ना मला."

"उरलंच नाही गं."

"एवढी पाकिटं नेलीत, त्यातलं एकही नाही?"

"लागतात गं... लागली."

कशाला लागली? नमुना तर एकच द्यायचाय! मग मी जरा खडा टाकून पाहिला — तळ भाजायला किती वेळ ठेवता? हे खरंच मला हवं होतं. माझा तळ एकदा मऊ राहतो, एकदा दगड होतो. तर म्हणतात, "वेळ मी कधी बघितलाय? खरपूस वास आला की काढायचा." हे काय उत्तर झालं? वीस वर्षं बेकिंग करतात, ओव्हनच्या बटणावरचे आकडे पुसून गेलेत, आणि मला सांगतात वास! सांगायचं नसेल तर तसं सांगावं माणसाने.

चीजकेक करायला मी त्यांच्याच ओट्याशी उभी राहून शिकले, हे मान्य. तेव्हा हातचं काही राखलं नव्हतं त्यांनी. आता स्पर्धा आली ना, आता आकसल्या.

खाली येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी तशी नाही गं." त्याची वहिनी! माझ्याशी कशी आहे ते विचार की.

रविवार, ९ नोव्हेंबर

आईस्क्रीमच्या दुकानात वर भुरभुरायचा चुरा असतो, तो मागून पाहिला. पोरगी म्हणाली आईस्क्रीम घेतलं तरच मिळेल. घेतलं. तिने चिमूटभर भुरभुरला. चिमूटभर! वरून घसा बसला.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज दांडी मारली. "पोट बिघडलंय," असं सांगितलं दवाखान्यात.

ठरवलं, गेली ती पाकिटं खड्ड्यात. बिस्किटंच घरी करायची! खूप कोको, थोडं पीठ, साखर बेताची. पातळ लाटली आणि कडकडीत होईपर्यंत भाजली. सासूबाईंनी एक उचललं, चावलं आणि गालावर हात धरून बसल्या. "हे बिस्कीट आहे की फरशी?" तेच तर हवं होतं! लाटण्याने ठेचलं, मिक्सरला लावलं, चाळलं. काळाभोर चुरा! लोणी घालून थापला तर वाटीच्या बुडाखाली छान दबला, कापताना भुगा झाला नाही.

सगळं घर काळं. माझी नखं काळी, सासूबाईंचा पदर काळा, नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर माझ्या हाताचा ठसा — तो मात्र मी मुद्दाम उमटवला. फार दिवसांनी आज मन थाऱ्यावर आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दंतवैद्य माझ्या नखांकडे बघून म्हणाले, "पोट बिघडलं होतं ना?" मी फोन उचलला. वाजत नव्हता तरी.

बुधवार, १२ नोव्हेंबर

संध्याकाळी जाऊबाई खाली आल्या. हातात बशी, बशीत चीजकेकचा तुकडा.

"जरा खाऊन सांग ना, कसा झालाय."

मनात म्हटलं, आल्या मिरवायला! नमुना परवा द्यायचा आणि आज मला दाखवायला आणतात. दिसायला सुंदरच होता. काळी रेघ अगदी सरळ.

खाल्ला. वरचं लोण्यासारखं मऊ. आणि तळ — करपलेला! कडूजहर! घशात काळा धूर अडकावा तसं झालं. जाऊबाई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. एवढा जीव एकवटून माझ्याकडे कुणी कधी बघितलं नसेल.

मी म्हणाले, "मस्त झालाय वहिनी! हात लावू नका आता त्याला."

त्यांचा चेहरा असा उजळला! "खरं ना? तळसुद्धा?"

"तळ तर फारच छान."

बशी घेऊन भराभर वर गेल्या. मी दोनदा चूळ भरली.

वाईट वाटायला हवं होतं का? मुळीच नाही वाटलं. सगळ्या गावाचा चुरा पळवून शेवटी करपवलाच ना! आणि स्वतःच्या जिभेला कळत नाही का? मी का सांगू?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मिळाली! ऑर्डर मला मिळाली!!

कॅफेवालीने दोन्ही नमुने आमच्यासमोरच कापले. आधी जाऊबाईंचा. एक घास घेतला आणि हळूच कागदी रुमाल तोंडाला लावला. दुसरा घास घेतला नाही. मग माझा. पूर्ण तुकडा संपवला, ताटलीतले कणही बोटाने टिपले. "तळ कुठून आणलात?" "घरी केला," मी म्हटलं. छाती अशी फुगली होती!

जाऊबाई स्वतःच्या तुकड्याकडे बघत होत्या. वाद नाही, प्रश्न नाही. परतताना रिक्षात माझी पिशवी त्यांनीच मांडीवर धरली. म्हणाल्या, "बरं झालं, घरातच आली." हे मला जास्त झोंबलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

राजीनामा दिला. दंतवैद्य म्हणाले, "नखं धुवून या कधीतरी, दात बघून देतो." बरा माणूस आहे खरं तर.

नवरा खुश, सासूबाई खुश. मीच का चिडचिडतेय कळत नाही. सकाळपासून सगळ्यांवर डाफरतेय. जिन्यात करपल्याचा वास होता. अजून कशाला करतायत? आता ऑर्डर नाही, काही नाही!

रविवार, १६ नोव्हेंबर

वास सहन होईना म्हणून तरातरा वर गेले. जाऊबाई ओव्हनसमोर स्टुलावर बसल्या होत्या, भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेतलेलं. आत तळ करपत होता आणि त्या शांतपणे काट्याकडे बघत होत्या. ओव्हन मीच बंद केला. म्हणाल्या, "अगं, वेळ व्हायचाय अजून!" मग माझं तोंड बघितलं आणि रडायलाच लागल्या. त्या तापानंतर त्यांना वास येत नाही. चवही नाही. काळ्या तळावर भाजल्याचा रंगही दिसत नाही, म्हणून तळामागून तळ जाळत राहिल्या, पाकिटांमागून पाकिटं आणत राहिल्या. कुणालाच सांगितलं नाही, भाऊजींनाही नाही. "शेवटी घड्याळ लावून करायला लागले गं. बुधवारचा तुला चाखायला दिला. तू मस्त म्हणालीस, म्हणून तीच वेळ पक्की धरली."